विचारपुशीचा हुकूम

न्हाय, पण मी म्हणतो, विचारायचं तरी कशाला? पोरगं शाळेत आलं, पाटी घेऊन बसलं, बाहीला नाक पुसलं, 'हजर' म्हणलं… बास की! हजर हाय म्हंजे जित्तं हाय, आन जित्तं हाय म्हंजे ठीक हाय! दुष्काळात ह्यापेक्षा जास्ती काय असतंय माणसाचं? पण न्हाय! साहेबाला पाहिजे पोराच्या मनात काय चाललंय! तुम्हाला सांगतो, बहात्तरचा पाऊस गेला तो गेलाच, आन त्र्याहत्तरचा उन्हाळा आमच्या डोक्यावर येऊन बसला, तवाची ही गोष्ट. कळंबपासनं चार कोसावर आमचं गाव, गावात चवथीपतुरची शाळा, शाळेला खोल्या दोन, एका खोलीत सरकारच्या सुकडीची पोती, ते गोड पीठ वाटायचे बघा पोरांना, ते… आन दुसऱ्या खोलीत पहिली, दुसरी, तिसरी, चवथी, सत्तेचाळीस पोरं आन मी. आबाराव मास्तर. एकटा! मीच हेडमास्तर, मीच शिपाई, घंटा बी मीच बडवायची आन घंटा झाली म्हणून पळत वर्गात बी मीच जायचं!

तर साहेब म्हंजे तालुक्यातले आमचे शाळा तपासणारे साहेब. नवीन आलेले, कडक इस्त्री, पुण्याकडं कसलंसं शिबिर करून आलेले. भर बारा वाजता सायकलीवरनं उतरले, घाम पुसला, टेबलावर एक कोरी वही ठेवली आन म्हणाले, "आबाराव, मुलांच्या मनाकडं आपलं लक्षच नाही हो! उद्यापासून रोज हजेरी झाली की प्रत्येक मुलाला प्रेमानं विचारायचं, 'बाळ, आज तुला कसं वाटतंय?' आणि या वहीत नोंद करायची. हे बघा रकाने. आनंदी, बरा, उदास आणि इतर." मी म्हणलं, "साहेब, सत्तेचाळीस पोरं हायती." "मग सत्तेचाळीस वेळा विचारा!" "साहेब, मधीच टँकर आला तर?" "टँकर गेल्यावर विचारा!" गेले की सायकलीवरनं! आता मी काय करणार? नोकरदार माणूस. वरनं हुकूम आला. हुकूम हाय, विचारायचं!

पहिल्या दिवशी पहिलाच नंबर पिराजीचा. दुसरीतला, एवढासा. आता मी कधी जल्मात पोरांशी प्रेमानं बोललेलो न्हाय, माझा आवाजच तसा, मी आपला जमंल तेवढा गोड काढून म्हणलं, "बाळ पिराजी… आज तुला कसं वाटतंय?" पोरगं उभं राहिलं, पांढरं पडलं, आन त्यानं गपकन हात पुढं केला! छडी खायला! मी म्हणलं, "अरे मारत न्हाय, विचारतोय!" त्यानं दुसरा हात पुढं केला! "अरे काय केलंस तू?" "म्या न्हाय केलं गुरुजी, बिरजूनं केलं!" आता काय केलं ते मला अजून ठावं न्हाय बरं का, पण बिरजू लागला की रडायला! लिवा… पिराजी, इतर. बिरजू, उदास.

आठ दिवस नुसतं 'बरं हाय गुरुजीऽऽ' चाललं, एका सुरात, पाढे म्हणल्यागत. मग एक दिवस तिसरीतलं एक पोरगं म्हणलं, "गुरुजी, मला उदास वाटतंय." मी म्हणलं, का रे? तर सकाळपासनं पोटात काय न्हाय. आता मी काय दगडाचा हाय का? दिली मूठभर सुकडी जास्तीची. तुम्हाला सांगतो… ती माझी चूक! दुसऱ्या दिवशी शाळेत सत्तेचाळीस उदास! एक पोरगं तर फिदीफिदी हसतंय आन म्हणतंय, "लई उदास हाय गुरुजी, दोन मुठी उदास हाय!" आता ह्याला आनंदीत लिवू का उदासात? सांगा की!

बरं, पोरं नुसती पोटाचं सांगून थांबली असती तरी चाललं असतं. पण एकदा का मन उघडायला लावलं की त्यातनं काय काय निघतंय! आमच्या गावात दूध संस्था. चेअरमन कोण, तर वीरप्पा. मोठी असामी, जाकीट घालणारा माणूस. त्याची नात महादेवी माझ्याकडं पहिलीत. विचारलं, "बाळ, कसं वाटतंय?" तर उभी राहून म्हणती कशी, "गुरुजी, मला भ्या वाटतंय." "कशाचं ग?" "आजोबा दुधात पाणी घालत्यात, आन ह्ये कुणाला सांगितलं तर जीभ कापीन म्हणत्यात." झालं! सत्तेचाळीस पोरांच्या सत्तेचाळीस घरी सांजच्याला बातमी! आन तुम्हाला सांगतो, गाव दुधावरनं न्हाय पेटलं… गाव पाण्यावरनं पेटलं! "प्यायला पाणी न्हाय गावात आन ह्याला दुधात घालायला मिळतंय कुठनं?" तर उघडकीला आलं काय, की टँकर वेशीत यायच्या आधी चेअरमनच्या परसात थांबतोय!

वीरप्पा आला की तणतणत शाळेत. "मास्तर! तुम्ही गणित शिकवायचं सोडून आमच्या घरातली भांडी काय वाजवताय?" मी वही पुढं केली. म्हणलं, "चेअरमनसाहेब, हुकूम हाय, विचारायचं. हे बघा, सही-शिक्क्यानिशी हाय." तो म्हणला, "माझ्या नातीला विचारायचं न्हाय!" मी म्हणलं, बरं, न्हाय विचारत. दुसऱ्या दिवशी तिला वगळलं तर तिनं भोकाड पसरलं… "मला इचारलं न्हाऽऽय!" आता काय करता? विचारलं!

हे सगळं चाललं ते चाललं. पण मला जे सांगायचंय ते नागूचं.

नागू म्हंजे बिरू धनगराची थोरली. चवथीत, अकरा वर्षाची, दाराशी बसायची. मेंढरं मोजत वाढलेली पोर, त्यामुळं हिशोब असा की मी फळ्यावर आकडे मांडेपतुर हिचं उत्तर तयार. बापाची एकशेवीस मेंढरं होती, दुष्काळात चारापाण्याच्या मागं लांब मुलखात घेऊन गेला, आन परत आला तवा मागं चौदा. आता बाप खडी फोडायच्या कामावर. आन ही पोर… रोज विचारलं की रोज एकच. "बरं हाय." एकोणीस दिवस! मला तर बरंच वाटायचं, चला, एक तरी पोर झटपट उरकती. इसाव्या दिवशी काय झालं, टँकरचा भोंगा वाजायची वेळ झालेली, मी घाईत, वही खाली, मान खाली, "नागू, कसं वाटतंय" म्हणलं आन तिनं तोंड उघडायच्या आत 'बरा'च्या रकान्यात टिंब देऊन मोकळा! तर दारातनं आवाज आला…

"गुरुजी, म्या अजून बोलले न्हाय."

मी मान वर केली. पोर उभी होती.

"बोल की."

"येत्या ऐतवारी माझं लगीन हाय."

वर्गात दंगा! "जेवाण हाय का ग? गोड हाय का?" पोरांना दुसरं काय सुचणार? मी टेबलावर छडी आपटली, म्हणलं गप! आन तिला विचारलं, "मग तुला कसं वाटतंय?" ती म्हणली, "पावण्याच्या हिरीला पाणी हाय." म्हणलं, "हिरीचं न्हाय विचारलं बाळ, तुझं विचारलं."  पायाच्या अंगठ्यानं भुई उकरायली. मग हळूच म्हणली, "मला चवथीची परीक्षा द्यायची व्हती." आन वहीकडं बोट करून म्हणती, "गुरुजी… ह्ये कंच्या रकान्यात बसतंय?"

 मी खोडरबर शोधल्यागत केलं. टँकर आला, पोरं पळाली, मी आपला 'इतर'मधी टिंब देत बसलो.

आता मी म्हणलं, आपण काय हातात घ्यायला नको, वरच्यांना विचारावं. गेलो की तालुक्याला, साहेबांपुढं उभा राहिलो, सगळं सांगितलं. साहेब खूश! "वा वा आबाराव! म्हणजे मूल बोललं! नोंद केलीत ना?" म्हणलं केली. "रकाना भरला ना?" म्हणलं भरला. "उत्तम!" मी म्हणलं, "साहेब, मग पुढं काय करायचं?" साहेबांनी परिपत्रक काढलं. पुढून बघितलं. मागून बघितलं. "पुढचं यात नाही हो." बघा! विचारायचा हुकूम हाय, पण उत्तर आलं तर काय करायचं ह्याचा हुकूमच न्हाय!

आलो परत. दिवस मावळायला बिरूच्या पालापुढं जाऊन उभा राहिलो. येताना वाटंनं भाषण पाठ केलेलं. कायदा काय म्हणतो, मुलगी अज्ञान हाय, शिक्षणानं काय व्हतंय, सगळं! बिरू दगडावर बसलेला, हाताला खडीनं फोड आलेले, त्याची म्हातारी आई धुरपताबाई बाजूला. मी भाषण धडाधडा म्हणलं. बिरूनं ऐकून घेतलं, आन म्हणला, "मास्तर, तुमच्या कायद्यात पाणी हाय का?"

मी म्हणलं, "अरे पण नवरा कसा हाय, बघितला का?"

"तामलवाडीचं ठिकाण हाय. हिरीला पाणी हाय."

"अरे नवरा! नवरा!"

"दोन परस खोल पाणी हाय, मास्तर!"

"त्याचं वय काय?"

"हीर बापजाद्याची हाय!"

आता ह्याच्याशी बोलायचं कसं? भाषण संपलं, कायदा संपला. आन मग… सवय हो! महिनाभर रोज सत्तेचाळीस वेळा तेच म्हणून म्हणून जिभेला वळण पडलेलं. तोंडातनं आपसूक निघून गेलं, "बिरू, तुला कसं वाटतंय?"

तुम्हाला सांगतो, त्या माणसानं माझ्याकडं असं बघितलं की मी काय त्याला शिवी दिली! आन मग त्याचा चेहरा असा… काय सांगू… म्हणला, "कसं वाटंल मास्तर? एकशेवीस जितराब नेलं. येक येक नाव घेऊन हाक मारायचो. वाटंला बसायचं त्ये उठायचंच न्हाय. मागं बघायचं न्हाय म्हणून म्होरं चालायचो. आन आता लेकीला बी तसंच म्होरं लावून द्यायलोय, मला काय ग्वाड वाटतंय व्हय?" आन गडी लागला बोलायला! कुठल्या माळावर किती बसली, कुठल्या कोकराला खांद्यावर घेऊन किती कोस चालला… थांबंचना! मी मधी 'व्हय, व्हय' म्हणायचो, दुसरं काय येतंय मला?

तेवढ्यात धुरपताबाई. म्हातारी पदर सावरून म्होरं सरकली आन म्हणली, "गुरुजी, मला बी इचारा की."

आता म्हातारीला विचारायचा हुकूम न्हाय! रकाना न्हाय! पण केलं काय… विचारलं. "आजी, तुम्हाला कसं वाटतंय?" म्हातारी म्हणली, "म्या नऊ वर्साची व्हते लग्नात. मांडवात झोपले व्हते, उचलून उभी केली. साठ वरसं झाली, तवाधरनं ह्ये पहिल्यांदा कुणी इचारलं." बास. एवढंच बोलली.  ल्योकाकडं बघत बसली.

बिरू खाली मान घालून म्हणला, "पर मास्तर, खाणारं येक तोंड कमी व्हतंय."

आन इथं… इथं तुमच्या आबाराव मास्तरानं माती खाल्ली! मी छाती काढून म्हणलं, "तोंडाचंच असंल तर पोरगी माझ्या घरी ठेव! परीक्षा व्हईपतुर काय, पाऊस पडंपतुर मी सांभाळतो!" आता मी असं का म्हणलं? मी काय लई उदार हाय? अहो, मला खात्री होती! आमी बौद्धवाड्यातले. मास्तर म्हणून गाव रामराम घालायचं, पोरांना शिकवून घ्यायचं, पण आमच्या घरचं पाणी कोण पितंय? पंधरा वर्षात एक घोट कुणी घेतला न्हाय! म्हणलं, बोलायला काय जातंय, हा काय पोरगी आणतोय! मोठेपणा बी झाला आन खर्च बी न्हाय!

सकाळी दार उघडलं. दारात बिरू. शेजारी नागू. काखंत बोचकं!

"गुरुजी, तुमी म्हणला व्हता."

माझी मंडळी, केशरबाई, चुलीम्होरं होती. दीड खोली आमची, त्यात आमी दोघं, आमची दोन पोरं, वर टांगलेला बाबासाहेबांचा फोटो, आन कोपऱ्यात दोन घागरी पाणी, दिवसाचं सगळं मिळून! तिला मी रातीचं काय बोललोच नव्हतो. सांगायचं काय, येणारच न्हाय ती पोरगी, मग कशाला! केशरबाईनं बोचकं बघितलं, पोरगी बघितली, मग माझ्याकडं बघितलं, आन काय बघितलं! मी आपला फोटोकडं बघायलो. बाई उठली. घागरीतनं तांब्या भरला आन नागूपुढं धरला.

 बिरू बघायला. मी बघायलो. आन पोरीनं तांब्या घेतला, तोंडाला लावला, गटागटा! बिरू उंबऱ्याबाहेर उभा… इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मुंडाशाचा शेव तोंडावरनं फिरवला आन म्हणला, "वयनी, मला बी घोटभर द्या." बापलेकीनं मिळून अर्धी घागर संपवली! माझ्या आंघोळीचं पाणी! पंधरा वर्षात कुणी घोट घेतला न्हाय आन घेतला तवा असा घेतला! मी त्या दिवशी बिनआंघोळीचा शाळेत गेलो, आन का कुणास ठावं, मला लई हलकं हलकं वाटायलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, पावण्यांचं काय? आले की! तामलवाडीचं मोठं पावणं, नवऱ्याचा चुलता, शनवारी भर उन्हात थेट शाळेत! ह्या मिशा! "कोण तो मास्तर? आमची सोयरीक मोडणारा?"    आन माझं परत तेच! "पावणं… कसं वाटतंय?" पावणं थबकलं. म्हणलं, "काय?" म्हणलं, "न्हाय, म्हंजे… उन्हाचं आलाव." पावण्यानं मुंडासं काढलं, बाकावर टेकलं, आन हा एवढा मोठा सुस्कारा! "कसलं वाटणं मास्तर! तीन दिसापास्नं घरात झोप न्हाय. हिरीला खडक लागला."

मी म्हणलं, "आँ? दोन परस पाणी हाय म्हणत होते की!"

"व्हतं. संकरातीला व्हतं. आता बायका वाटीनं भरत्यात. सोयऱ्याला कोणत्या तोंडानं सांगायचं म्हणून लगीन उरकत व्हतो."

दाराशी नागू बसली होती. तिनं ऐकलं आन काय म्हणली म्हायतीय? "गुरुजी, ह्यांचं बी लिवा की वहीत." आन लिवलं बरं का मी! पावणे, तामलवाडी, उदास! पावणं बिचारं मूठभर सुकडी खाऊन माघारी गेलं.

पोरीनं परीक्षा दिली. पहिली आली. आता चवथीत सहाच पोरं होती ते सोडा, पहिली म्हंजे पहिली! घरात माझ्या दोन्ही पोरांना पाढे म्हणायला लावायची, केशरबाईला जात्यावर हात द्यायची, आन मी जेवायला बसलो की मायलेकीगत दोघी माझ्याकडं बघून काय तर कुजबुजायच्या आन हसायच्या. मी म्हणायचो काय झालं, तर "काय न्हाय"!

मिरग लागला, ढग आले, पाऊस पडला. साहेबांची बदली झाली, नवे साहेब आले, नवं परिपत्रक आलं… विचारपूस बंद करावी, अभ्यासाचा वेळ वाया जातो! मी म्हणलं सुटलो! हजेरी घेतली, 'गणित काढा' म्हणलं. एक पोरगं पाटी काढंना. सगळी माझ्या तोंडाकडं बघत बसलेली. मी म्हणलं, "हुकूम न्हाय आता!" तर पिराजी उठला, हात पुढं न करता बरं का, आन म्हणला, "हुकूम नसंल तर तसंच इचारा की." आता सांगा. विचारलं! रोज तास मोडतोय, गणित मागं पडलंय, नवे साहेब खुलासा मागायलेत.

असो. पाऊस पडला म्हंजे माझा शब्द संपला. बिरू पोरीला न्यायला येणार म्हणून केशरबाईनं नागूचं बोचकं बांधलं, सोडलं, परत बांधलं, माझ्याशी दोन दिवस अबोला, जसा काय पाऊस मीच पाडला! आन ऐतवारी सकाळी बिरू आला. दारात उभा. पण बोटाला धरून त्याची धाकटी! शेंबडी, टकामका बघणारी, एवढीशी!

मी म्हणलं, "बिरू, नागूला न्यायला आलास ना?"

बिरू डोकं खाजवत म्हणला, "तिला ऱ्हाऊ द्या हो गुरुजी, तुमच्या घरी पाचवीचं शिकायलीय. म्या हिला आणलंय. हिची बी सोयरीक यायलीय."

"हिची? अरे वय काय हिचं?"

"सा पुरं व्हतील."

"सा वर्षाच्या पोरीला कोण मागणी घालतंय? नाव सांग, मी बघतो त्याच्याकडं!"

बिरू लाजला हो! म्हणला, "अजून कुणी घातली न्हाय. पर घालतीलच की कवा तरी… म्हणलं, आधीच तुमच्याकडं आणून सोडावी."

मी कपाळावर हात मारला.  मी दोन्ही हात चौकटीला लावून उंबऱ्यात उभा, म्हणलं आता एक पोर आत येऊ द्यायची न्हाय! तेवढ्यात मागनं केशरबाईचा आवाज… दोन दिवसातला पहिला… "अहो, जरा बाजूला सरा, लेकराला आत येऊ द्या."

सरलो बाजूला. तुम्हाला सांगतो, तवापासनं माझं अंथरूण बाहेर ओट्यावर हाय.